उद्या म्हणजे नेमकं कधी?

आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलला जाणारा शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन : 'उद्या'.

आमचं घर इंदूरला, जुन्या शहरात, रामबागेच्या बाजूला. आई-बाबा मूळचे वसईचे. बाबांना पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि लग्न झाल्यावर आईही इकडे आली. लग्नाआधी ती गावातल्या सिस्टरांच्या शिवणवर्गात शिवण शिकली होती. त्या शिदोरीवर तिने इंदुरात पुढच्या खोलीत एक मशीन टाकलं आणि ब्लाउज शिवायला सुरुवात केली. आज तिच्याकडे मराठी काकू येतात, मारवाडी भाभी येतात, लाल चर्चमधल्या बायका मुलींचे फर्स्ट कम्युनियनचे पांढरे फ्रॉक शिवायला देतात. दारातून आत येताना सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच असतो, "झालं का हो ताई?" आणि आईचं उत्तरही ठरलेलं, "उद्या या."

मराठीत निदान 'काल' आणि 'उद्या' वेगळे आहेत. हिंदी गिऱ्हाइकाला आई 'कल' म्हणते. तो शब्द मागेही जातो आणि पुढेही, म्हणजे शिंपीकामासाठी अगदी सोयीचा. किराणा दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असते ना, तिच्यातला 'उद्या' आणि आईचा 'उद्या' सख्खे भाऊ. रोज सकाळी दोघेही एक दिवस पुढे सरकतात.

लहानपणी मला याची गंमत वाटायची. २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत ती गंमत संपली. त्याबद्दलच लिहायचं आहे.

मी अवंतिका एक्स्प्रेसने सकाळी घरी पोचले तेव्हा पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कापडाच्या पिशव्या सोफ्यावर, फ्रिजवर, माझ्या जुन्या अभ्यासाच्या टेबलावर. ज्यांना इंदूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : आमच्याकडे दिवाळी झाली की लोक देवउठनी ग्यारसची वाट बघतात. आपली कार्तिकी एकादशी. चातुर्मास संपतो, लग्नाचे मुहूर्त सुरू होतात. त्या वर्षी एकादशी १२ नोव्हेंबरला होती. शीतलामाता बाजारातून आणि बजाजखान्यातून साड्या घेऊन बायका थेट आमच्याकडे येत होत्या. आई एकेकीच्या साडीचा ब्लाउजपीस कापून घेत होती, वहीत मापं लिहीत होती, कापडाचा तुकडा टाचणीने पानाला टोचत होती आणि तारीख विचारली की म्हणत होती, "होऊन जाईल."

आईच्या हाताखाली एक ताई आहेत. हूक-काज, अस्तर जोडणं, हातशिलाई हे सगळं त्या बघतात. त्या दिवाळीला गावी गेल्या आणि घरात दुखणं निघालं म्हणून तिकडेच अडकल्या. दोघी मिळून दिवसाला पाच ब्लाउज काढायच्या, आता एकट्या आईच्याने तीन निघायचे. पण दारात येणाऱ्याला मिळणारं उत्तर तेच राहिलं.

त्यात एक नवरीची आई होती. राजेंद्रनगरहून यायच्या. मुलीचं लग्न १७ तारखेला, पाच ब्लाउज दिलेले, कबूल केलेली तारीख ४ नोव्हेंबर. त्या ४ तारखेला आल्या. आई म्हणाली, "उद्या." ५ तारखेला आल्या. आई म्हणाली, "अस्तर डाय करायला दिलंय, आलं की लगेच." अस्तर आमच्याच सोफ्यावर होतं. ७ तारखेला दुपारी गेट वाजलं, आईने खिडकीतून बघितलं आणि मला हळूच म्हणाली, "सांग, आई झोपली आहे. बरं नाही म्हण."

मी सांगितलं. इतक्या सहज सांगितलं की माझं मलाच नवल वाटलं. आणि तेवढ्यात आतून मशीनचा आवाज आला. सवयीने आईचा पाय पायंडलवर पडला असणार.

त्या काकू भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पायरीवर बसल्या, पाणी मागितलं आणि म्हणाल्या, "बेटा, उशीर झाला याचं मला काही नाही. घरात लग्न आहे, शिवणारीकडे गर्दी असते हे मला कळतं. पण माझे तीन दिवस गेले ना. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी काहीतरी केलं असतं." मग पदराने तोंड पुसून त्या गेल्या. पत्रिका द्यायला त्यांना अजून चार घरी जायचं होतं.

मराठीत अशा फेरीला फार नेमका शब्द आहे : हेलपाटा. नुसतं जाणं-येणं नाही, तर ज्याच्या शेवटी हाताला काही लागत नाही असं जाणं-येणं. आईच्या प्रत्येक 'उद्या'मागे कुणाचातरी एक हेलपाटा होता आणि तो आमच्या वहीत कुठेच लिहिलेला नव्हता.

संध्याकाळी मी आईला म्हटलं, मी सगळ्यांना मेसेज करते. साहित्याची विद्यार्थिनी आहे, एवढं तर येतंच. मी लिहिलं : 'प्रिय ग्राहक, काही अपरिहार्य कारणांमुळे आपल्या ऑर्डरला विलंब होत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.' खाली हात जोडलेला इमोजी. हिंदी आणि इंग्रजी आवृत्त्याही केल्या. एकवीस जणींना एकदम पाठवला. मला वाटलं, झालं काम.

अर्ध्या तासात उत्तरं यायला लागली. 'म्हणजे कधी?' 'माझा पण का?' 'कौन सा ऑर्डर भाभी?' एकीने नुसता अंगठा पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लाउज न्यायला दारात हजर. चर्चमधल्या एका आँटींनी घाबरून फोन केला, "घरी काही झालंय का? अपरिहार्य म्हणजे काय गं?" आणि नवरीच्या आईने काहीच उत्तर दिलं नाही. दोन निळ्या खुणा तेवढ्या दिसत होत्या.

मी तो मेसेज पुन्हा वाचला आणि मला रेल्वे स्टेशन आठवलं. 'यात्रियों को हुई असुविधा के लिए हमें खेद है' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. पण रेल्वेसुद्धा त्याआधी गाडीचा नंबर सांगते आणि किती तास उशीर ते सांगते. मी फक्त खेद उचलला होता, नंबर आणि तास सोडून दिले होते.

रात्री जेवणं झाल्यावर मी आईला विचारलं, "तू खरं का सांगत नाहीस गं?" मला वाटलं ती चिडेल. ती मशीनमधली बॉबिन काढून उगाच पुसत राहिली. मग म्हणाली, "नाही म्हटलं की गिऱ्हाईक जातं. गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "तुला २० साल आठवतंय ना?"

आठवत होतं. मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागलं आणि इंदूर देशातल्या सगळ्यात जास्त फटका बसलेल्या शहरांपैकी एक झालं. लग्नं थांबली. कित्येक महिने आमच्या पुढच्या खोलीत एकही पिशवी आली नाही. आईने उरल्यासुरल्या अस्तराचे मास्क शिवले. तेव्हा मी शाळेत होते, मला वाटायचं आईला सुट्टी आहे. त्या रिकाम्या सोफ्याची भीती तिच्या मनात अजून आहे, म्हणून आता ती आलेली कुठलीच पिशवी परत पाठवू शकत नाही. तिचा 'उद्या' खोटा होता, पण लबाडीचा नव्हता. भीतीचा होता. समोरच्या माणसाचं तोंड उतरलेलं बघवत नाही म्हणूनही तो निघत होता. पण दुसऱ्या दिवशी तेच तोंड जास्त उतरायचं, ही गोष्ट आम्ही हिशेबात धरत नव्हतो.

मग आम्ही हिशेबच केला. वही उघडली आणि मी पहिल्यांदा नग मोजले. ४६. आईने कधी मोजलेच नव्हते, ती पानं उलटायची आणि कामाला लागायची. दिवसाला तीन म्हणजे सोळा दिवस. मी हूक-काज करायला बसले तर दिवसाला चार निघतील, तरी बारा दिवस लागणार. म्हणजे आई ज्यांना 'उद्या' सांगत होती त्यांतल्या काहींचा उद्या १९ नोव्हेंबरला येणार होता. आकडा बघून आई गप्प झाली. मला वाटतं, ती गिऱ्हाइकांना खरं सांगत नव्हती कारण ते तिलाच माहीत नव्हतं.

आता मेसेज नव्याने लिहायला घेतला. मी लिहिलं, 'आमच्या मदतनीस ताई गावाहून परत न आल्यामुळे उशीर झाला आहे.' आईने वाचलं आणि म्हणाली, "हे काढ."

"खरंच आहे की."

"तिच्या घरचं दुखणं गावभर कशाला सांगायचं? आणि ऑर्डर तिने नाही घेतल्या. मी घेतल्या."

मी तीन वर्षं व्याकरण शिकते आहे, पण प्रयोग हा विषय मला त्या रात्री आईने समजावला. 'उशीर झाला' या वाक्यात कर्ता कोण? उशीर. जणू तो स्वतःच्या पायांनी चालत आला आणि आमच्या सोफ्यावर बसला. 'ब्लाउज शिवून झाला नाही', यात दोष ब्लाउजचा. 'विलंब होत आहे', यात तर कुणीच नाही. आपली भाषा उशीर करणाऱ्याला लपायला भरपूर जागा देते. आईने सांगितलेल्या वाक्यात ती जागा नव्हती : 'मी जमतील त्यापेक्षा जास्त ऑर्डर घेतल्या.'

शेवटी प्रत्येकीला वेगळा मेसेज गेला. साधारण असा : 'काकू, तुमचे दोन ब्लाउज मी ५ तारखेला देते म्हटलं होतं. ते जमलं नाही. मी जमतील त्यापेक्षा जास्त ऑर्डर घेतल्या. आता १५ तारखेला संध्याकाळी नक्की मिळतील. तुम्हाला त्याआधी लागणार असतील तर कोणता आधी हवा ते सांगा. दुसरीकडे द्यायचे असतील तर कापड आणि ॲडव्हान्स परत देते. तोपर्यंत हेलपाटा घालू नका, झाले की मीच फोन करेन.' नवरीच्या आईला मेसेज केला नाही. तिथे आईने स्वतः फोन केला. मी शेजारी बसले होते. आई म्हणाली, "दुपारी मी झोपले नव्हते." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आवाज आला, "माहीत आहे. मशीन ऐकू आलं."

सगळं गोडगोड झालं असं मुळीच नाही. एका भाभींनी दुसऱ्या दिवशी येऊन चारही कापडं परत नेली. ॲडव्हान्स मोजून घेतला आणि जाताना जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई दिवसभर नीट जेवली नाही. तिची भीती अगदीच खोटी नव्हती, हे मलाही मान्य करावं लागलं.

पण बाकीच्यांची उत्तरं बघून आम्ही दोघी चकित झालो. एक काकू म्हणाल्या, माझा तर भाच्याच्या लग्नासाठी आहे, डिसेंबरात दे. दुसरी म्हणाली, पिवळा आधी दे, हिरव्याची घाई नाही. एकीने विचारलं, हूक मी घरी लावून घेऊ का? तुळशीच्या लग्नाच्या आत खरोखर हवे असलेले नग निघाले फक्त १४. आणि नवरीच्या पाच ब्लाउजांपैकी १७ तारखेआधी हवे होते तीन : मेंदीचा, मुहूर्ताचा आणि रिसेप्शनचा. उरलेले दोन लग्नानंतर चालणार होते. इतके दिवस आमच्यासाठी सगळेच 'अर्जंट' होते, कारण आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. विचारायचं तर आधी कबूल करावं लागतं, आणि तिथेच आमचं अडलं होतं.

मी १४ तारखेला मुंबईला निघाले तेव्हा नवरीचे तीन ब्लाउज इस्त्री होऊन पिशवीत गेले होते. माझ्या बोटांना सुया टोचून टोचून भोकं पडली होती.

कॉलेजला आल्यावर या विषयावर थोडं वाचलं. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकवणाऱ्या डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ साली वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला होता. त्यात ते म्हणतात की किती वेळ लागेल हे माहीत नसलेली वाट जास्त लांब वाटते आणि कारण न कळलेली वाटही जास्त लांब वाटते. त्यांचं उदाहरण दवाखान्याचं आहे. डॉक्टरांना अर्धा तास उशीर होईल असं सांगितलं तर पेशंट आधी वैतागतो, पण मग निवांत बसतो. 'येतीलच इतक्यात' असं सांगितलं तर तो पूर्ण वेळ ताटकळत राहतो, उठूनही जाऊ शकत नाही. मला लगेच पायरीवर बसलेल्या काकू दिसल्या. आईचा 'उद्या' म्हणजे हुबेहूब 'येतीलच इतक्यात'.

कायद्यालाही हे कळतं. ऑनलाइन विक्रीसाठी केंद्र सरकारने २०२०मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे, सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोचला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. आवाक्याबाहेरचं संकट असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे दिलेली तारीख हा नुसता शिष्टाचार नाही, तो सौद्याचाच भाग आहे. पुढच्या खोलीतल्या शिलाई मशीनला कुणी हे नियम दाखवायला येणार नाही. पण मला वाटतं, आईने 'कापड आणि ॲडव्हान्स परत देते' हे कुठलाही नियम न वाचता लिहिलं, आणि सगळ्या मेसेजमध्ये ते वाक्य सगळ्यात जड होतं. त्यामुळे समोरच्या बाईच्या हातात निवड आली. तोपर्यंत ती फक्त वाट बघत होती.

आपल्यापैकी बरेच जण आता काही ना काही विकतात. हॉस्टेलवरची एक मैत्रीण क्रोशाचे कानातले करते, एकजण रेझिनच्या फ्रेम बनवतो, कुणाची आई ऑर्डरप्रमाणे केक देते. इन्स्टावर दुकान उघडणं सोपं आहे. ऑर्डर अडकली की मात्र आपण मेसेज 'सीन' करून ठेवतो आणि वस्तू तयार झाली की एकदम फोटो पाठवतो. मध्ये गेलेले दिवस कुणाचे होते? अनुभवाने एवढं सांगू शकते : उशीर होणार हे कळल्याच दिवशी सांगावं, गिऱ्हाइकाने विचारायच्या आत. नवी तारीख द्यावी आणि ती आपल्याला हवी ती नाही, तर मोजून निघेल ती द्यावी. कारण एका ओळीत पुरे. दुसऱ्याच्या दुखण्यामागे लपू नये. आणि मेसेज सगळ्यांना एकच पाठवू नये. मोठ्या कंपनीचं ॲप पार्सल कुठल्या गोदामात आहे ते दाखवतं, ते आपल्याला जमणार नाही. पण 'पिवळा आधी देऊ का?' हे ॲप विचारत नाही. ते आपल्याला विचारता येतं.

आईच्या वहीत आता एक नवा रकाना आहे. मापांच्या शेजारी, तारखेच्या पुढे. तिथे ती आधीचे किती नग बाकी आहेत ते मोजून लिहिते आणि मगच तारीख सांगते. कधी कधी 'नाही जमणार' असंही म्हणते. म्हणताना अजून तिचा आवाज बारीक होतो. पण जानेवारीत राजेंद्रनगरच्या काकू धाकट्या मुलीचा ड्रेस घेऊन आल्या, हे तिने मला फोन करून दोनदा सांगितलं.

त्याआधी डिसेंबरात मलाही एक मेसेज आला होता. ख्रिसमसच्या मिडनाइट मासला घालायचा माझा ड्रेस आई शिवत होती. दरवर्षी तो २४ तारखेच्या संध्याकाळी, आम्ही घरातून निघायच्या दहा मिनिटं आधी, गरम इस्त्रीचा वास घेऊन हातात पडतो. त्या दिवसापर्यंत उत्तर एकच असतं, 'उद्या'. या वेळी १९ तारखेलाच आईचा मेसेज आला, टाइप केलेला, बोलून पाठवलेला नव्हे :

'तुझा ड्रेस २४ला होणार नाही. २८ला होईल. मी गिऱ्हाइकांचे आधी घेतले. मागच्या वर्षीचा निळा धुऊन ठेवते. चालेल का? आई.'

मी लिहिलं, 'चालेल.'